काळ्या पॅनेलवरचा जोड

यासीनभाई, अमोलने तुम्हाला फसवलं आणि तुम्ही मला फसवलं. बाकी जे लिहायचं आहे ते सगळं याच्या खालीच येतं.

तुमच्या शोकसभेत मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी उठले नाही. लोकांना वाटलं, ताईंना भरून आलंय. भरून आलं होतंच, पण रागाने. पहिल्या रांगेत अमोल पांढरा शर्ट घालून, मान खाली घालून बसला होता. त्याच्यासमोर गोड बोलले असते तर तो सुटला असता, आणि खरं बोलले असते तर भाभींना ते तिथे ऐकायला लागलं असतं. म्हणून आपल्या कारखानदार संघटनेच्या अंकात लिहिते आहे. अंक त्याच्या टेबलावर जातो आणि तो वाचतो, हे मला माहीत आहे.

तुम्ही चिखलीच्या माझ्या प्लास्टिकच्या वर्कशॉपवर पहिल्यांदा आलात तो दिवस आठवतो. मोठ्या कंपनीच्या डिझाइन खात्यातून बाहेर पडलेला माणूस, इस्त्रीचा शर्ट, सोनेरी काडीचा चष्मा आणि पिशवीत स्वतःचा माऊस. मी पगारावर घासाघीस करायची तयारी करून बसले होते. तुम्ही पगाराचं नावच काढलं नाही. म्हणालात, "मला छताला लांब ट्यूबलाइट लागतील. एका ओळीत, भिंतीपासून भिंतीपर्यंत."

"इथं लोक पंखा मागतात," मी म्हटलं.

"पंखा नको. पंख्याची सावली हलते."

मग तुम्ही फडताळावरचं आमचं सगळ्यात चांगलं काम उचललंत. मिक्सरचं झाकण होतं ते. ज्याच्या जिवावर मी चार ठिकाणी ऑर्डरी मिळवल्या होत्या, ते हातात फिरवून तुम्ही म्हणालात, "याचा जोड तुटलाय."

"तुटलाय? भिंतीवर आपटा. तुटला तर मी नाव बदलते."

"प्लास्टिक नाही तुटलं, ताई. उजेड तुटलाय."

तुम्ही साबणाचं पाणी मागवलंत, फडक्याने झाकणावर फिरवलंत आणि ते ट्यूबखाली धरलंत. खरखरीत प्लास्टिक तेवढ्यापुरतं आरशासारखं चमकलं. ट्यूबची पांढरी रेघ झाकणावरून सरळ येत होती आणि जिथे वरचा भाग संपून बाजू सुरू होते तिथे कोपर मोडावं तशी मोडत होती. ते झाकण मी शेकडो वेळा हातात घेतलं होतं. कधी दिसलं नव्हतं. मला इतका राग आला की मी तुम्हाला त्याच दिवशी ठेवून घेतलं.

त्यानंतर तुम्ही मला जोड शिकवलेत. शिकवलेत म्हणजे डोकं खाल्लंत. चाकणला जाताना गाडीच्या डॅशबोर्डवर चहाचा ग्लास ठेवायचात आणि मी ओरडायचे, "सीट खराब होईल!" तुम्ही म्हणायचात, "तेच बघायचंय. कुठे सांडतो ते बघा."

पहिला जोड नुसता टेकलेला. दोन भाग एकमेकांना लागतात, मध्ये फट नाही, पण कोपरा आहे. गल्लीतून काटकोनात हमरस्त्याला लागावं तसा. दुसऱ्या जोडात दिशा जुळलेली असते. सरळ रस्ता संपतो आणि गोल वळण सुरू होतं, कोपरा कुठेच नाही. पण स्टेअरिंग त्या जागी एकदम फिरवावं लागतं, आणि चहा बरोबर तिथेच सांडतो. तिसऱ्या जोडात दिशा तर जुळतेच, वरून वळणही जुळतं. रस्ता वळायला आधीपासूनच हळूहळू सुरुवात करतो, स्टेअरिंग हळूहळू फिरतं, चहा तिरका होतो पण काठाबाहेर येत नाही. "गिऱ्हाईक तिन्हींना स्मूदच म्हणतं, ताई. कुठलं स्मूद पाहिजे हे कळल्याशिवाय तुम्ही रेट देत जाऊ नका."

हे वाक्य मी आयुष्यभर वापरलं. इंजिनीअर मी नाही. दहावीनंतर शाळा सुटली, लग्न झालं, मशीन घेतलं ते दुसऱ्याच्या शेडमध्ये. परचेसवाले माझ्याकडे बघून इंग्रजी बोलायचे. तुम्ही आल्यावर मी टेबलावर हात ठेवून विचारायला लागले, "जोडाला दिशा पाहिजे का वळण?" समोरचा गडबडायचा. तो गडबडला की निम्मा सौदा माझा. यासाठी मी तुमची ऋणी आहे, हेही या लेखात यायलाच हवं.

तुमचा गर्व मात्र कमी नव्हता. माझ्या पुतणीच्या लग्नात सगळे नवरदेवाच्या गाडीवरची फुलं बघत होते, तुम्ही वाकून बॉनेट बघत होतात. "लाखांची गाडी, आणि जोड दिशेवर सोडलाय," असं वरबापाला ऐकू जाईल इतक्या जोरात. वरबाप माझ्याकडे आला, "ताई, हे कोण?" मी म्हटलं, "आमचे सरफेसवाले. यांना जेवायला बसवा, तोंड बंद राहील."

अमोल तुमचा चेला. तुम्ही आकुर्डीत क्लास घ्यायचात तेव्हा तो लातूरकडून आला होता. संगणकावर पृष्ठभाग कसा ओढायचा, झेब्राचे काळेपांढरे पट्टे त्यावर पाडून जोड कसा तपासायचा, सगळं तुमच्याकडून शिकला. पट्टे तुटले तर पहिला जोड, जुळून मोडले तर दुसरा, वाहत गेले तर तिसरा. तो चाकणच्या स्कूटरच्या कंपनीत डिझाइनचा मुख्य झाला तेव्हा तुम्ही वर्कशॉपमध्ये पेढे वाटलेत. मी म्हटलं, "आता काम मिळेल." तुम्ही म्हणालात, "काम मिळेल म्हणून नाही वाटले."

काम मिळालं. स्कूटरच्या पुढच्या भागातलं मधलं पॅनेल कंपनी स्वतः करणार, बाजूची पॅनेलं आपण. मध्ये नखाएवढी फट, पण फटीवरून उजेड असा जायला हवा की जणू ती नाहीच. डेटा आला आणि तुम्ही स्क्रीनसमोर चष्मा काढून पुसायला लागलात. तुम्ही चष्मा पुसायला लागलात की मला धसका बसायचा. मधल्या पॅनेलची कड शेवटाला येता येता सपाट होत होती आणि परत फुगत होती. घाईत ओढलेली कड. ती अमोलने स्वतः केली होती.

मी विचारलं, "आपण जुळवून घेऊ शकत नाही?"

"जुळवता येईल. पण तिसरा जोड द्यायचा म्हणजे शेजारचा जसा वळतो तसंच वळायचं. शेजारच्याची वाकडी कड जुळवून घेतली की तो वाकडेपणा आपल्या अंगात येतो. आपल्या पॅनेलला पोचा दिसेल."

तुम्ही फोन लावलात, मी समोरच होते. "अमोल, कड नीट करून दे, मी वळण जुळवून देतो."

"सर, डेटा फ्रीज झालाय. आता हलवलं तर वरचे माझं डोकं खातेत."

"मग दिशेवर सोडावं लागेल. पण रंग मॅटच ठेव. चकचकीत केलंस तर रेघ दिसेल."

"मॅटच आहे, सर. ठरलंय ते."

मी तुम्हाला म्हटलं होतं, हे लिहून मागा. तुम्ही म्हणालात, "चेल्याकडून लिहून घेऊ?" मी अनोळखी माणसाकडून घेते तसंच ओळखीच्या माणसाकडूनही लिहून घेते. पण हे काम तुमचं, माणूस तुमचा.

मग नमुना पास करायचा दिवस आला. चाकणला, कंपनीच्या तपासणीच्या खोलीत, राखाडी मॅट पॅनेलं गाडीला बसवलेली. तुम्ही पिशवीतून साबणाच्या पाण्याची बाटली आणि फडकं काढलंत. प्रत्येक वेळी काढायचात तशीच. तेव्हा अमोलने तुमचं मनगट धरलं. हसत धरलं, लाडाने धरलं, पण धरलं. "सर, पाणी कशाला मारायलात? मॅट आहे. मॅटवर पास करतो मी."

तुम्ही बाटली पिशवीत ठेवलीत. मी तिथून हातभर लांब उभी होते.

पुढे काय झालं ते या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या सगळ्यांना माहीत आहे, पण उलटं माहीत आहे. विक्रीवाल्यांना काळा चकचकीत रंग हवा होता. रंग बदलला. आपल्याला कुणी विचारलं नाही. पहिल्या काळ्या गाड्या तपासणीच्या दिव्यांच्या बोगद्यातून निघाल्या आणि ट्यूबची रेघ मधल्या पॅनेलवरून आली, फट ओलांडली आणि आपल्या पॅनेलवर मोडली. दोन्ही बाजूंना.

बैठकीत अमोलच्या वरच्या साहेबांनी एकच विचारलं, "जोडाला वळण जुळवलंय का?"

अमोल म्हणाला, "सप्लायरने दिशेवरच सोडलंय, सर."

यात खोटा शब्द एकही नाही, यासीनभाई. म्हणूनच मला ते जास्त लागलं. मी उठले. "आरं, सोडायला लावलं कुणी? कड कुणाची व्हती?" रागात माझी बोली गावाकडे जाते, तुम्ही नेहमी हसायचात. त्या दिवशी हसला नाहीत. माझी बाही ओढलीत आणि म्हणालात, "ताई, बसा. माझ्याकडून राहिलं. मी पाणी मारून बघायला हवं होतं."

झालं. मी एकटीच साक्षीदार, आणि माझी साक्ष तुम्हीच मोडलीत. सगळ्यांनी कागद मिटले. अमोलने पाण्याचा ग्लास उचलला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

परत येताना चाकणच्या चौकात गाडी अडकली. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. भांडायला याहून चांगली जागा नाही, कुणाला उतरून जाता येत नाही.

"तुम्ही मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात?"

"न्हाई."

"म्हणून नाही विचारलं."

"वर्कशॉप माझं. नाव माझं. मोल्ड, अख्खा साचा, परत उघडून कापायचा तो माझा."

"ताई, कड त्याची आहे हे कळलं असतं तर त्याला ठेवलं नसतं. वरचे साहेब कारणच शोधताहेत."

"मग जाऊ द्या की. तुमाला कोण ठेवणार हाय?"

"मला तुम्ही ठेवाल."

हे तुम्ही असं म्हणालात, जणू ट्यूब कुठे लावायची ते सांगत आहात. मी हॉर्न दाबून धरला. पुढच्या कंटेनरवाला खाली उतरून शिव्या द्यायला लागला आणि तुम्ही काच खाली करून त्याला म्हणालात, "भाऊ, तुमच्यावर नाही, माझ्यावर वाजवतायत."

मग मी म्हटलं, "शेजारच्याचा वाकडेपणा आपल्या अंगात येतो, हे मला कोण शिकवत होतं?"

"बघा, ताईंना सरफेस यायला लागला."

"हसू नका. तो कधी खरं बोलणार नाही."

"बोलेल. त्याला थोडा वेळ द्या. तो स्वतः उठून सांगेल. मी त्याला ओळखतो."

तिथेच आपलं भांडण थांबलं. संपलं नाही. त्यानंतर मी तुमच्याशी कामापुरतंच बोलले, आणि आजही मला वाटतं मी बरोबर होते. मोल्ड परत उघडला, त्याचा भार मी सोसला. ते माझं मी वसूल करीन, त्यासाठी हा लेख नाही. पण कंपनीकडून मधल्या पॅनेलचा नवा डेटा आला तेव्हा त्यात कड बदललेली होती. सपाट नाही, फुगलेली नाही. मेलमध्ये त्याबद्दल एक ओळ नाही. त्याची जुनी कड चांगलीच होती तर गुपचूप बदलली कशाला?

त्या नीट कडेला तुम्ही तिसरा जोड दिलात. मला हाक मारलीत, "ताई, पट्टे बघायला या." मी काचेच्या पलीकडून म्हटलं, "मेल करा." तुम्ही मेल केलीत. पट्टे एका पॅनेलवरून दुसऱ्यावर असे गेले होते की फट कुठे आहे हे शोधावं लागत होतं. असं काम मी कुठे बघितलं नाही. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. आणि मग एका सकाळी तुम्ही घरीच, चहाची वाट बघता बघता गेलात. छातीत दुखतंय एवढंच भाभींना म्हणालात.

अमोलने तुमच्या जनाज्याला खांदा दिला. मी भाभींजवळ घरात होते, खिडकीतून बघितलं. डोळे पुसत होता. ते रडणं खोटं नव्हतं, असं मला आजही वाटतं. म्हणून तर मला तो समजत नाही.

तुमचा चाळीसावा दिवस अजून उजाडायचा आहे आणि कंपनीने सप्लायरांची बैठक घेतली. या पट्ट्यातले सगळे लहानमोठे कारखानदार हॉलमध्ये. जोड कसे नसावेत यावर अमोल बोलत होता. पडद्यावर आपलं पहिलं पॅनेल आलं, पट्टे जोडावर मोडलेले, आणि खाली कोपऱ्यात तुमचं नाव, आडनावासकट. मागे कुणीतरी म्हणालं, "शेखसाहेबांची चूक? म्हणजे बघा." दोघंतिघं हसले. अमोलने ती स्लाइड घाईने पुढे ढकलली. म्हणजे त्याला ठाऊक होतं ती तिथे आहे. मी उभी राहिले तोवर दिवे लागले आणि चहाची सुट्टी झाली.

त्या पडद्याचा फोटो कुणीतरी काढला. तो फिरत फिरत तुमच्या आयेशाच्या मोबाइलवर पोचला. ती हिंजवडीत हेच काम करते, मारुंजीत खोली घेऊन राहते, बापासारखीच ताठ. रविवारी तुमचा माऊस न्यायला वर्कशॉपवर आली. माऊस पिशवीत टाकला आणि मोबाइल माझ्यासमोर धरला.

"मावशी, अब्बूंनी असा जोड सोडला?"

तिच्याशी खोटं बोलता येत नाही. ती पट्टे वाचू शकते. मी सगळं सांगितलं. कड, फोन, मॅट, मनगट, बैठक. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "माझ्या ऑफिसातले लोक हा फोटो बघून मला विचारतात, तुझे वडीलच ना हे? मी काय सांगू?"

"सांग, चूक त्यांची नव्हती."

"तुम्ही सांगताय म्हणून? अब्बू तर स्वतःच हो म्हणाले होते ना?"

बघा यासीनभाई. तुमच्या त्या एका वाक्याचं काय झालं बघा. चेल्याला वाचवताना तुम्हाला वाटलं, किंमत तुम्ही भरताय. ती तुमची पोर भरतेय.

त्या संध्याकाळी मी अमोलला फोन केला.

"ताई, सर आता नाहीत. उगं कशाला वाढवायलात?"

"त्या स्लाइडवरून नाव काढ."

"काढलंय, ताई. त्याच दिवशी काढलंय."

"आणि हॉलमधल्या माणसांच्या डोक्यातून?"

तो हळूच म्हणाला, "मला पोरंबाळं आहेत, ताई."

"त्यांनाही होती," मी म्हटलं आणि ठेवून दिला.

यासीनभाई, तुम्ही मला वेळ द्यायला सांगितलं होतंत. मी दिला. कुणाला उधार देते त्याहून जास्त दिला. तुम्ही होतात तोवर त्याला लाज वाटून तो उठेल, अशी आशा तुम्हाला होती. तुम्ही गेल्यावर त्याला फक्त सुटल्यासारखं वाटलं. तुम्ही त्याला ओळखत होतात म्हणालात. मीही रोज माणसं ओळखूनच पोट भरते, आणि या वेळी बरोबर मी निघाले. मला याचा आनंद नाही. मला हा सौदा हरायचा होता.

तुम्ही असता तर आत्ताही माझी बाही ओढली असती. आता ओढायला कुणी नाही.

तेव्हा अमोल, आता तुझ्याशी बोलते. पुढच्या मॉडेलच्या पॅनेलचं काम तू माझ्याकडे पाठवलं आहेस. मी अजून त्याला हात लावलेला नाही, रेटही दिलेला नाही. देणारही नाही. पुढची सप्लायरांची बैठक त्याच हॉलमध्ये आहे. मी येणार आहे आणि आयेशाला बरोबर आणणार आहे. तीच स्लाइड परत लाव. मोडलेल्या पट्ट्यांवर बोट ठेव आणि सगळ्यांसमोर सांग, ती कड कुणी ओढली होती, मॅट राहील म्हणून कुणी शब्द दिला होता, आणि मॅटवर पास करतो असं कोण म्हणालं होतं. यासीनभाईंचं नाव काढलंस, एवढ्याने भागत नाही. त्या जागी तुझं लिही.